दादरचा कबुतरखाना आणि आपले कर्तव्य

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने जुन्या वास्तूंच्या रक्षणाविषयी लेख लिहावा, हे वाचकांस थोडे विपरीत वाटेल. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात पोती मोजण्यात आणि खतावण्या लिहिण्यात गेली. तथापि ज्या वास्तूविषयी येथे लिहावयाचे आहे तिचा संबंध दाण्याशी आहे, आपल्या व्यापारी समाजाच्या दानधर्माशी आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या दुखण्याशीही आहे. यास्तव चिटणिसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच विषय प्रथम मनात आला.

आमच्या जोयडा तालुक्यातील पाखरांना माणसाच्या दाण्याची फारशी गरज नाही. काळी नदीच्या खोऱ्यातील रानात धनेश आणि हरियल वड-उंबराच्या फळांवर सुखाने जगतात. हरियल हाही कबुतराच्याच कुळातला; महाराष्ट्राने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. परंतु करड्या रंगाचा जो पारवा आपण गोदामाच्या वाशांवर पाहतो त्याची गोष्ट वेगळी. तो मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी. माणसाने दगडी घरे बांधली, त्यांना सज्जे आणि कोनाडे ठेवले, तेव्हा त्याला ते नवे कडेच वाटले आणि तो माणसाच्या आश्रयास आला. जेथे धान्याची पेठ तेथे पारवा, हा नियम मी पन्नास वर्षे पाहत आलो आहे.

वडिलांची पेढी जुन्या सुप्यास होती. दुकानाच्या फळ्या काढल्या की तराजूला हात लावण्यापूर्वी ते पितळी मापटेभर जोंधळा ओट्याखाली टाकीत. पाखरांचा वाटा आधी काढावा, मग गिऱ्हाइकाचे माप करावे, हा त्यांचा नेम होता. आक्काचे लग्न होऊन ती दादरला गेली तेव्हा तिने आईजवळ दागिना मागितला नाही. ते मापटे मागितले. पुढे चाळीस वर्षे तिने त्याच मापट्याने दादरच्या कबुतरखान्यात आणि आपल्या गॅलरीत पारव्यांना दाणे घातले.

कारंजाचा कबुतरखाना झाला

मुंबईस जाणाऱ्या आपल्या सभासदांपैकी बहुतेकांनी दादर पश्चिमेचा कबुतरखाना पाहिलेला असेल. स्टेशनातून बाहेर पडून बाजाराच्या गर्दीतून थोडे चालले की भर चौकात ती वाटोळी जागा दिसते. जवळच शांतिनाथ स्वामींचे जिनमंदिर आहे. या वास्तूचा जन्म मात्र पाण्यासाठी झाला. वलमजी रतनशी व्होरा या व्यापाऱ्याने १९३३ साली येथे कारंजे बांधविले. पाण्यापाशी पाखरे जमली, पाखरांसाठी श्रद्धावंतांनी दाणे आणले, आणि हळूहळू कारंजे हे नाव मागे पडून कबुतरखाना हे नाव लोकांच्या तोंडी बसले. आज त्या साऱ्या परिसरालाच ते नाव आहे. एका व्यापाऱ्याच्या दानातून शहराच्या एका चौकाला ओळख मिळावी, ही आपणा सर्वांस अभिमान वाटावा अशी गोष्ट होय.

मुंबईत जुन्या वास्तूंच्या रक्षणाचे नियम १९९५ साली लागू झाले. त्यांत वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या असून दादरचा कबुतरखाना दुसऱ्या श्रेणीत मोडतो. अशा वास्तूच्या बाह्य रूपात फेरफार करावयाचा झाल्यास वारसा जतन समितीचा विचार घ्यावा लागतो. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पुराणवस्तूंविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंचाच विचार करतो. दादरच्या कारंजाला शंभर वर्षे २०३३ साली पूर्ण होतील. म्हणजे पुराणवस्तू खात्याच्या दृष्टीने ते अद्याप लेकरू आहे. त्याचा सांभाळ शहराच्या नियमांनी आणि नागरिकांच्या जागरूकतेनेच व्हावयाचा आहे.

परदेशांतील पारव्यांची घरे

पारव्यांसाठी वास्तू बांधण्याची रीत जगात पुरातन आहे. मात्र तिचा हेतू देशोदेशी वेगळा दिसतो. इराणात इस्फहान शहराच्या आसपास सफवी राजांच्या काळात मातीच्या विटांचे मोठमोठे मनोरे बांधले गेले. आत हजारो कोनाडे. पारव्यांच्या विष्ठेचे खत खरबुजांच्या शेतांना मिळावे, हा त्यांमागचा व्यवहार. इंग्लंडात जमीनदार मांसासाठी पारवे पाळीत. तेथे बेडफर्ड परगण्यात विलिंग्टन या गावी सोळाव्या शतकातील दगडी पारवेघर आजही उभे आहे. त्यात सुमारे १५०० घरट्यांची सोय आहे, आणि नॅशनल ट्रस्ट ही संस्था त्याची काळजी घेते.

फ्रान्सची हकीकत आम्हा धान्यवाल्यांना विशेष समजण्यासारखी आहे. तेथे पारवेघर ठेवण्याचा हक्क अनेक प्रांतांत सरदार-जमीनदारांनाच असे. त्यांचे पारवे शेतकऱ्याने पेरलेले बी खाऊन जात आणि शेतकऱ्याला हात चोळीत बसण्यावाचून गत्यंतर नसे. राज्यक्रांतीत ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री जे हक्क रद्द करण्याचा निर्णय झाला त्यांत पारवेघराचा हा हक्कही होता. पुढे पेरणी-कापणीच्या दिवसांत पारवे कोंडून ठेवावेत असे ठरले. गंमत अशी की, ज्या वास्तूंवर एके काळी प्रजेचा एवढा रोष होता त्यांपैकी कितीतरी आज त्याच देशात मोठ्या प्रेमाने जतन केल्या जातात. हक्क गेला, पण दगड राहिले. कारण दगडांचा काही अपराध नव्हता.

आपल्याकडची रीत याहून निराळी. गुजरातेत गावोगावी आणि अहमदाबादेच्या पोळांत नक्षीदार लाकडी किंवा दगडी खांबांवर चबुतरे उभारलेले आहेत. तेथे पाखरापासून ना खत हवे, ना मांस. केवळ त्याच्या मुखी दाणा पडावा, एवढाच हेतू. दादरचा कबुतरखाना याच कुळातला. उपयोगासाठी बांधलेले घर आणि दयेसाठी बांधलेली जागा यांतील हा भेद जगाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे.

आक्काचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी आक्काला कोरडा खोकला लागला. जिना चढताना दम लागू लागला. प्रथम वयाचे दुखणे म्हणून दुर्लक्ष झाले. शेवटी छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून सांगितले की, पारव्यांची पिसे आणि वाळलेली विष्ठा यांची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्याने फुप्फुसांना सूज येते. काहींच्या बाबतीत ती पुढे ताठर होत जातात, आणि झालेली हानी पुरती भरून येत नाही. सर्वांना हा विकार होतो असे नाही. पण ज्याच्या प्रकृतीला ही धूळ सोसत नाही त्याने तिच्यापासून दूरच राहिले पाहिजे. याशिवाय अशा विष्ठेत वाढणाऱ्या काही बुरशींपासूनही अशक्त माणसांना अपाय होतो.

मी भेटीस गेलो तेव्हा गॅलरीला जाळी लावलेली होती आणि मापटे फडताळात पालथे घातलेले होते. आक्का म्हणाली, “अरे बाळ, मी कुणाचे वाईट केले? दाणाच घातला ना? मग दयेचेच असे दुखणे कसे झाले?”

मला उत्तर सुचले नाही. पुढे पुष्कळ विचार केला. आपल्या शास्त्रकारांनी दान चार प्रकारचे सांगितले आहे: आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. आपण पहिले घट्ट धरले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली, असे तर झाले नाही ना? अहिंसा ही यत्नाने, विवेकाने पाळावयाची असते. दिल्लीस लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. जखमी पारव्यांवर तेथे उपचार होतात आणि बरे झाल्यावर त्यांना मोकळे सोडले जाते. पोत्यांनी दाणे ओतण्याहून ही दया अधिक अवघड आणि म्हणूनच कदाचित अधिक मोलाची.

२०२५ सालचा वाद

२०२५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्राच्या विधान परिषदेत मुंबईतील ५१ कबुतरखान्यांचा प्रश्न निघाला आणि आरोग्याच्या कारणास्तव ते बंद करण्याविषयी महापालिकेस सांगण्यात येईल असे सरकारने जाहीर केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दाणे घालण्यास तात्पुरती परवानगी दिली नाही. मात्र वारसा ठरलेले जुने कबुतरखाने पाडू नयेत असेही त्याच वेळी बजावले. पुढे दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला आणि ६ ऑगस्ट रोजी जमावाने ती ताडपत्री फाडून काढली. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. तज्ज्ञांची समिती नेमली गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस महापालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड व बोरिवली या भागांतील चार जागी सकाळचे दोन तास नियंत्रित रीतीने दाणे घालण्यास तात्पुरती मुभा दिली.

या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. एकाने म्हणावे आमचा धर्म, दुसऱ्याने म्हणावे आमचा श्वास. दोघांचेही म्हणणे खरे. परंतु या गदारोळात तिसरा एक पक्ष मुकाच राहिला, तो म्हणजे ती वास्तू. न्यायालयाच्या निर्देशातील मर्म मला येथेच दिसते. दाणे घालणे ही एक गोष्ट आणि कारंजे टिकविणे ही दुसरी. पहिली थांबली म्हणून दुसरी नष्ट होऊ देण्याचे कारण नाही. आणि दुसरी टिकवावयाची म्हणून पहिली तशीच चालू ठेवलीच पाहिजे, असेही नाही.

उलट, वास्तूचे हित पाहू गेल्यास अति दाणा हाच तिचा शत्रू ठरतो. पारव्याच्या विष्ठेत आम्लता आणि क्षार असतात. ओल मिळाली की ते चुन्याच्या गिलाव्यात व चुनखडीच्या दगडात शिरतात, पृष्ठभाग कुरतडतात. क्षारांचे स्फटिक फुगून पापुद्रे सुटतात. लोखंडी कठड्याला गंज चढतो. पिसे आणि सडके दाणे पन्हाळीत अडकून पाणी तुंबते. वास्तू ताडपत्रीखाली दीर्घ काळ झाकून ठेवली तर आतल्या ओलीला वाट मिळत नाही. म्हणजे भक्त आणि अधिकारी या दोघांच्याही हातून नकळत अपाय होऊ शकतो.

राखण कशी करतात

जुन्या वास्तूची राखण म्हणजे दारावर पहारेकरी बसविणे नव्हे. ती मुख्यतः हिशेब ठेवण्याची कला आहे आणि म्हणूनच आपल्या व्यापारी वर्गास ती सहज समजेल.

प्रथम वास्तूचा साठा-बुक करावा लागतो. प्रत्येक बाजूचे मोजमाप घेऊन नकाशा काढणे, प्रत्येक भागाची छायाचित्रे तारखेनिशी ठेवणे, कोठे दगड, कोठे सिमेंट, कोठे मागाहूनचा रंग, याची नोंद करणे. त्यानंतर रोजमेळ. भिंतीला चीर असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून तारीख घालतात. चीर हलली की काच तडकते आणि घर बसत चालले आहे हे कळते. ओल कोठवर चढली, गंज किती वाढला, हे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहून लिहावे लागते.

चौकातील वास्तूला आणखी एक धोका असतो, तो पायाखालचा. आज नळासाठी, उद्या तारेसाठी, परवा गटारासाठी रस्ता खणला जातो. इंग्लंडात अशा ऐतिहासिक ठिकाणी खोदकामास परवानगी देताना पुष्कळदा अट घालतात की, खोदाई चालू असताना पुराणवस्तूंचा जाणकार तेथे उभा राहील. मजूर खणीत जातात, जाणकार मातीचे थर पाहतो. जुना पाया, जुना नळ, फुटके खापर काही दिसले की काम थोडा वेळ थांबवून त्याचे माप आणि चित्र घेतो, मग काम पुढे चालते. यात कोणाचे काम अडत नाही आणि माहितीही बुडत नाही. दादरच्या चौकाखाली १९३३ च्या कारंजाचे जे काही असेल ते अशा वेळीच कळेल. एकदा यंत्राने उकरून नेल्यावर नव्हे.

स्वच्छतेचेही शास्त्र आहे. कोरडी विष्ठा झाडूने झाडू नये, कारण तीच धूळ छातीत जाते. आधी पाणी शिंपडून ती भिजवावी, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधावी, हलक्या हाताने काढावी. तेजाब किंवा पाण्याचा जोराचा फवारा जुन्या दगडावर कदापि मारू नये. चुन्याच्या जागी चुनाच लावावा. त्यावर सिमेंटचा लेप दिला तर ओल आत कोंडते आणि दगडच झिजतो.

सुप्याची आठवण

हे सारे मी एवढ्या आस्थेने का लिहितो, याचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या तालुक्याचे पूर्वीचे ठाणे सुपा. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, आणि १९८० च्या दशकात वीजनिर्मिती सुरू झाली. सुप्याची पेठ मात्र पाण्याखाली गेली. ठाणे जोयड्यास आले, कितीतरी कुटुंबे रामनगरास वसली. विजेमुळे राज्याचे कल्याण झाले, याविषयी वाद नाही.

परंतु वडिलांच्या पेढीच्या ओट्याला किती पायऱ्या होत्या, असे परवा नातवाने विचारले, आणि मला सांगता आले नाही. मी तीन म्हणतो, आक्का चार म्हणते. आमच्याजवळ छायाचित्र नाही, माप नाही, नकाशा नाही. निघताना आम्ही तराजू आणले, वजने आणली, वसुलीच्या वह्या आणल्या. एक दोरी लावून त्या ओट्याचे माप घ्यावे, हे कोणालाही सुचले नाही. यात सरकारला दोष देऊन उपयोग नाही. दोरी आमच्या दुकानातच टांगलेली होती.

वास्तू जाणे हे कधी कधी अटळ असते. तिची नोंदही न राहणे मात्र अटळ नसते; ती आपली हयगय होय.

सभासदांस विनंती

यास्तव तीन गोष्टी सुचवितो.

पहिली अशी की, दादरच्या कबुतरखान्याविषयी आपल्या समाजात बोलणे निघेल तेव्हा वास्तू आणि दाणा हे दोन विषय वेगळे ठेवावेत. २०३३ साली त्या कारंजाची शताब्दी येईल. त्या वर्षी तेथे पुन्हा स्वच्छ पाणी वाहावे, जुने रूप शास्त्रीय रीतीने दुरुस्त व्हावे, यासाठी व्यापारी संस्थांनी आतापासून निधी आणि जाणकारांचा सल्ला उभा करावा. एका व्यापाऱ्याने बांधविलेले दुसऱ्या व्यापाऱ्यांनी राखावे, हे उचितच.

दुसरी, पाखरांसाठी काढलेला वाटा कमी करू नये. त्याची वाट बदलावी. दाट वस्तीत, गॅलरीत, दवाखान्याजवळ दाणे टाकू नयेत. तोच पैसा पांजरपोळास, पक्ष्यांच्या औषधोपचारास, उन्हाळ्यात पाण्याची भांडी ठेवण्यास द्यावा.

तिसरी आणि सर्वांत सोपी: प्रत्येक सभासदाने या वर्षी आपल्या घरच्या किंवा गावच्या एका जुन्या वास्तूची नोंद करावी. पेढी असो, बस्ती असो, विहीर असो, धर्मशाळा असो. एक वही, एक मोजपट्टी, चार छायाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांशी तासभर बोलणे, एवढाच खर्च. अशा वह्या मंडळाच्या कचेरीत जमा झाल्या तर पुढील स्मरणिकेला विषय शोधावा लागणार नाही.

गेल्या खेपेस दादरला गेलो तेव्हा आक्काची प्रकृती बरी दिसली. जिना सावकाश चढते, पण चढते. मापटे फडताळातून बाहेर आले होते; देव्हाऱ्याजवळ उभे होते आणि त्यात नाणी होती. रोज सकाळी एक मापटे जोंधळ्याचे जे दाम होईल ते ती त्यात टाकते आणि महिनाअखेरीस पक्ष्यांच्या रुग्णालयास पाठविते. मी विचारले, “आक्का, मन रमते का?” ती म्हणाली, “पाखरू दिसत नाही रे समोर. पण माप चुकू दिलेले नाही.”

वडिलांनी ऐकले असते तर त्यांना हे पटले असते, असे मला वाटते.